हलर : सुनंदा, कडाव

कडाव,
८ डिसेंबर २०२५

हरेश,

आशीर्वाद घे नाहीतर नको घेऊस, मोठी बहीण म्हणून मी दिलाय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोशाच्या दुधाच्या टेंपोतून ही चिठ्ठी पाठवते आहे. शिळफाट्याला तो सुनिताच्या हातात देईल. नवरा वाचत नसेल तर मोठ्याने वाचून दाखव असं तिला सांगितलंय. बायकोपुढे तुझं कुठं काही चालतं?

काल रविवारी आपल्या गिरणीत रेकॉर्डिंग झालं. संगीताचं. करणारे तिघं शिकलेले वाजवणारे होते आणि चौथी मी. हो, मी. परत वाच हवं तर.

झालं असं की दिवाळीनंतर चौक गावचा नीलेश भात भरडायला घेऊन आला. जुन्या हायवेवर त्याच्या काकांचं गॅरेज आहे, तिथंच काम करतो. भात भरडून झालं, गोण्या टेंपोत चढल्या, दुसऱ्याचं भात सुरू झालं, तरी हा आपला भिंतीला टेकून डोळे मिटून उभा. मला वाटलं चक्कर आली. तांब्याभर पाणी घेऊन गेले तर म्हणतो, "काकी, जरा गप. ऐकतोय." माझ्याच गिरणीत मलाच गप! मी भात भरडायचा हलर बंद केला आणि म्हटलं, आता सांग काय ऐकतोस ते.

त्याने विचारलं, "मगाशी माझं भात चालू होतं तवा मधेच आवाज बदलला, तो कशानं?" म्हटलं, तुझ्या गोण्यांत दोन शेतांचं भात हाय. पहिलं कर्जत-तीन, चांगलं वाळलेलं, ते तडतडतं. खालच्या गोणीतलं दमट, ते कण्हतं. तसं झालं की पातं ढिलं करायचं, नायतर तांदळाची कणी होते. माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "काकी, आमी तिघं सात वर्षं हेच शिकतोय."

त्यांच्या मंडळाचं नाव आहे 'खरखर'. आईबापांनी हौसेने शिकवलं आणि पोरांनी मंडळाला नाव काय दिलं बघ. नीलेश गॅरेजातल्या भंगारावर वाजवतो. कर्जतची हर्षला क्लॅरिनेट वाजवते, लग्नाच्या बँडमध्ये असतं ना, ते काळं लांब. पुण्याची नम्रता माणसाएवढं उंच व्हायोलिन घेऊन आली, ते उभ्याने वाजवतात. त्यांची तऱ्हा अशी की आधी काही ठरवायचं नाही. चाल नाही, ताल नाही, सराव नाही, कोणी कोणाला खूण करायची नाही. माणसं समोर बसवायची, रेकॉर्डिंगचं मशीन चालू करायचं आणि जे होईल ते होईल. चुकलं तरी परत पहिल्यापासून नाही आणि नंतर कापाकापीही नाही. मी विचारलं, मग यात यायला काय लागतं? हर्षला म्हणाली, "मावशी, फक्त दुसऱ्याचं ऐकता आलं पाहिजे." म्हटलं, एवढंच? ते मला सोळा वर्षं येतंय.

काल अकराला सुरू झालं. गावातली पंचवीस-तीस माणसं कोंड्याच्या गोण्यांवर बसली होती. एरवी पट्ट्याशी असतो त्या चांगोला मी बाहेर रस्त्यावर उभा केला होता, कोणाचा टेंपो आत येऊन भोंगा वाजवू नये म्हणून. हर्षलाने क्लॅरिनेटमधून नुसता वारा सोडला, सूर नाहीच. नम्रता जिथं वाजवायचं नसतं अशा जागी गज घासत होती. नीलेशने ट्रकची स्प्रिंग जमिनीवर सोडली आणि ती थरथरत राहिली. जनीमावशी तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी तिच्याकडे असं बघितलं की हसू तिथंच जिरलं.

मग मी उठले. स्टार्टरवर हात ठेवला आणि सात मिनिटं बटण दाबलं नाही. मुद्दाम. कुठं थांबायचं हे मला आतून कळलं. ते तिघं वाजवता वाजवता बारीक बारीक होत गेले, कोंबडी बाहेर पाय घासते तेवढाच आवाज उरला. मग मी बटण दाबलं आणि आपला हलर सुरू झाला. हरेश, त्या आवाजाने पत्रे हलतात हे आपल्याला नवीन नाही, पण काल ती माणसं दचकून उठून उभी राहिली. मी मूठ मूठ भात टाकलं. कधी दमट, कधी कडक वाळलेलं. पातं आवळलं की हर्षला वर चढायची, ढिलं केलं की नम्रता खाली यायची. अर्धा तास मी त्या तिघांना नाचवलं. शेवटी बटण बंद केलं, पट्टा फिरत फिरत थांबला, आणि तिघंही त्याच्याबरोबर थांबले. कोणी ठरवलं नव्हतं.

जनीमावशी म्हणाली, "बाय, एवढी मशीन चालली नि तांदूळ एवढाच?" तिला सोड. नम्रताने माझ्या पायाला हात लावला. कोंडा लागला तिच्या हाताला.

आपल्या घरात वाजवणारा तू होतास. तुझा पखवाज ऐकायला नेरळपासून माणसं यायची, ते मी विसरले नाही. पण अण्णा म्हणायचे ना, सुनंदाचा कान चुकायचा नाही. काल सगळ्यांनी बघितलं. रेकॉर्डिंगवर माझं नाव येणार आहे, इतर तिघांच्या बरोबरीने. नीलेश ते तुझ्या फोनवर पाठवेल. बावन्न मिनिटांचं आहे, दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा ऐक.

सुनंदाआक्का


२१ डिसेंबर २०२५

हरेश,

तू ऐकलंस म्हणे. सुनिता फोनवर सांगत होती, दुकानातल्या पंपाच्या खोक्यांवर बसून नवव्या मिनिटापर्यंत ऐकलंस, मग बंद केलंस. वर तिला विचारलंस, "तिथं जाब कोणी दिला?" आणि जेवायला बसलास. बहिणीचं एवढं नाव होतंय आणि भाऊ नऊ मिनिटांत उठतो. उरलेली त्रेचाळीस मिनिटं मी कोणासाठी वाजवली?

बरं. मी हाक दिली हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे राहिलं. सोळा वर्षांची सवय, स्टार्टरला हात लागला की तोंडातून येतंच. चांगो रस्त्यावर होता, म्हणून जाब आला नाही. म्हणून मी थांबले. शेवटी पलीकडे जाऊन डोळ्यांनी बघून आले आणि मग बटण दाबलं. वाजवणाऱ्यांना वाटलं मी कलेसाठी थांबले, तर मी कशाला नाही म्हणू?

त्यावरून हर्षला परवा येऊन बसली. रेकॉर्डिंगबरोबर एक छापील घडीपत्रक देतात, त्यात कोणी काय वाजवलं ते लिहितात. तिचं म्हणणं, रेकॉर्डिंगमधली सगळ्यात भारी जागा माझी हाक आणि नंतरची सात मिनिटं हीच आहे, तर हाक कसली ते मी सांगावं. मी तिला गिरणीत फिरवून दाखवलं. स्टार्टर या भिंतीला, मधे गोण्यांची थप्पी, आणि हलर नि पट्टा पलीकडे. बटण दाबणाऱ्याला पट्ट्याशी कोण आहे ते दिसत नाही. म्हणून आपल्याकडे अण्णांच्या वेळेपासून रीत. बटणवाल्याने ओरडायचं, "हात?" पट्ट्याशी असेल त्याने हात काढून ओरडायचं, "बाहेर!" तो जाब कानावर आला की मगच बटण. माणूस दिसत नसलं तरी त्याचं ऐकायचं. हर्षला भराभर लिहून घेत होती. म्हणाली, "मावशी, आम्ही जे करतो त्याचं एवढं सोपं वर्णन मला कधी जमलं नाही." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग तिने विचारलं, "जाब न येता कधी कोणी सुरू केलं का?"

मी म्हटलं, "नाय. आमच्या गिरणीत कधीच नाय."

तिने तेही लिहून घेतलं.

हे वाचून तुझं डोकं फिरेल, मला माहीत आहे. पण पोरीला काय सगळं घर उघडं करून दाखवायचं? तिला काय करायचंय आपल्या भांडणाशी? जे झालं त्यावर अण्णांनी तेव्हाच निकाल दिला होता. तू आपला शिळफाट्याला जाऊन राहिलास. अण्णांना खांदा द्यायला आलास आणि माझ्याशी न बोलता गेलास, तेव्हा मी काही म्हटलं का?

सुनिताला गुडघ्याला तेल लावायला सांग.

सुनंदाआक्का


११ जानेवारी २०२६

हरेश,

तुझा निरोप मिळाला. सोळा वर्षांत पहिला, आणि तोही सुनिताच्या तोंडून. "तिला म्हणावं, त्या दिवशी जाब ऐकला होतास का ते लिही. बाकीचं कौतुक मला नको." तिने अगदी तुझ्याच सुरात सांगितलं. मी त्याच क्षणी फोन ठेवून दिला. नंतर परत करून तिची माफी मागितली, कारण तिचा काय दोष?

ते राहू दे. काल मी चौकला गेले होते. नीलेशने गॅरेजच्या मागच्या खोलीत चांगले स्पीकर लावलेत. म्हणाला, "काकी, फोनवर ऐकलंत ते सोडा, सगळं हितं ऐका. होकार द्यायच्या आधी प्रत्येकाने एकदा असं ऐकायचं असतं." त्यांचा तो नियम आहे. आवाज ज्याचा, त्याचा होकार हवा. एकानेही नाही म्हटलं तर सगळंच्या सगळं पुसून टाकायचं, पण मधला तुकडा कापायचा नाही.

मी खुर्चीत ताठ बसले. बाहेर पान्हे पडत होते, तरी ते स्पीकर असे की गिरणीत बसल्यासारखं वाटावं. माझी हाक आली. चांगली खणखणीत. मग शांत. हर्षलाचा वारा, नम्रताचा गज. आणि मग अगदी जवळून कोणीतरी कुजबुजलं. एकदा, परत एकदा. मी नीलेशला विचारलं, हे कोण बोलतंय?

तो म्हणाला, "तुमीच की, काकी. एक माईक स्टार्टरच्या पेटीला लावला व्हता. आमाला वाटलं तुमी काहीतरी म्हणताय, गाण्यासारखं." त्याने आवाज वाढवला.

"हरेश, बोल रं. बोल रं, हरेश."

सात मिनिटांत अकरा वेळा. मी मोजलं. हरेश, देवाशपथ सांगते, मी असं म्हटलं हे मला माहीतही नव्हतं. ज्या कानाचा मला एवढा तोरा, त्याला स्वतःचं तोंड ऐकू आलं नाही.

नीलेशने विचारलं, "काकी, हरेश कोण?" म्हटलं, धाकटा भाऊ. "ते पण गिरणीवर असायचे?" म्हटलं, चहा सांग. चहा आला, तो प्यायले आणि उठले. होकार दिला नाही, नकारही दिला नाही. पोरगं बिचारं हायवेपर्यंत सोडायला आलं, टमटममध्ये बसवून दिलं, आणि म्हणालं, "तुमाला नको असंल तर पुसून टाकू, काकी. आमी काय बोलणार नाय." पण त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सात वर्षांत त्यांचं असं काही झालेलं नाही, तिघंही म्हणतात.

आणि मलाही ते पुसायचं नाही. मी काय लपवू? मला ते हवं आहे. जन्मभर लोकांचं भात भरडलं, माझं नाव गोणीवरसुद्धा कधी कोणी लिहिलं नाही. आता एका चांगल्या गोष्टीवर ते येतंय. तर मधे तू.

तुझ्या निरोपाचं उत्तर लिहायला बसले होते. कागद भरला आणि उत्तर आलंच नाही.

सुनंदाआक्का


१ फेब्रुवारी २०२६

हरेश,

नाही. मी जाब ऐकला नव्हता.

हे एवढं लिहून कालचा दिवस कागद तसाच ठेवला होता. आज बाकीचं लिहिते.

बारा डिसेंबर दोन हजार नऊ, शनिवार. सकाळचे दहा वाजले असतील. मी नवरा गेल्यावर माहेरी येऊन तेव्हा तीन महिनेच झाले होते आणि अण्णांनी मला स्टार्टरवर बसवलं होतं. वाडीच्या दशरथचं लग्नाचं भात होतं, बारा गोण्या. पट्टा घसरत होता म्हणून मी बंद केला आणि तू पलीकडे राळ लावायला गेलास. दशरथ माझ्या डोक्यावर उभा. म्हणाला, "चौकच्या गिरणीत येवढ्यात भरडून झालं आसतं. बाईच्या हातात गिरण दिली का आसंच व्हायचं." आणखी चार माणसं होती, ती हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी ओरडले, "हात?" आणि श्वास घ्यायच्या आत बटण दाबलं. दशरथला दाखवायचं होतं. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही.

मग तू ओरडलास.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अण्णांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्याने "बाहेर" म्हटलं, मी ऐकलं. ते माझ्या तोंडून आपोआप आलं. मला वाटलं होतं अण्णा म्हणतील, मशीनच्या आवाजात चुकून ऐकलं असशील. मग मी रडून हो म्हणणार होते. पण ते म्हणाले, "सुनंदाचा कान चुकायचा नाय. हरेशच घाईत बोलला आसंल." तिथं सुटका झाली माझी आणि तू अडकलास. तू आत पट्टी बांधलेला हात छातीवर धरून सांगत होतास, मी बोललोच नाही, आणि बाहेर सगळे म्हणत होते, औषधाच्या गुंगीत आहे. माझा कान चुकला नव्हता, हरेश. ऐकायला काही नव्हतंच आणि ते मला पक्कं माहीत होतं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. उजव्या हाताची. दर वर्षी सप्ताहात भजनी मंडळाने दुसरा पखवाजवाला बोलावला की मी काहीतरी काम काढून मंदिरात जायचं टाळते.

चांगोला मी परवा विचारलं, त्या दिवशी तू कुठं होतास रे? म्हणाला, "दारात व्हतो, बाय. जाब आला नवता." मी म्हटलं, मग सोळा वर्षं बोलला का नाहीस? म्हणाला, "तुमी इचारलं नाय." आणि गोणी उचलून गेला. म्हणजे मी समजत होते तसं हे फक्त आपल्या दोघांत कधीच नव्हतं.

आता घडीपत्रकाचं. हर्षलाला बोलावलं आणि आधीचं सगळं खोडायला लावलं. नवीन मी सांगितलं, तिने लिहिलं. जसं छापणार आहेत तसं खाली उतरवते.

"हलर : सुनंदा, कडाव. नवव्या मिनिटाला ऐकू येते ती गिरण सुरू करण्याआधीची हाक आहे. समोरचा माणूस 'बाहेर' म्हणेपर्यंत बटण दाबायचं नाही अशी आमची रीत. १२ डिसेंबर २००९ ला मी जाबाची वाट न बघता बटण दाबलं. माझा भाऊ हरेश याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो कडावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. जाब ऐकला असं मी वडिलांना आणि गावाला सांगितलं. ते खोटं होतं. रेकॉर्डिंगमध्ये मी ज्याला बोल म्हणते आहे तो हाच माझा भाऊ."

हर्षलाने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मावशी, हे सगळं छापायलाच हवं का? त्यांना खासगीत सांगा ना." म्हटलं, बाळा, खोटं मी गावासमोर बोलले होते. खरं काय त्याच्या कानात सांगू? नम्रता फोनवर सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "काकू, तुमच्या नावाचं अक्षर आमच्यापेक्षा मोठं ठेवू का?" म्हटलं, सगळ्यांएवढंच ठेव.

एक लक्षात घे. हलर वाजवल्याची मला लाज वाटत नाही. ते मी चांगलं वाजवलं आणि पुढच्या वेळी याहून चांगलं वाजवीन. बटण दाबल्याची लाज वाटते. दोन्ही माझंच आहे आणि दोन्ही एकाच कागदावर राहू दे.

नीलेश म्हणतो, तुझा आवाज त्यात नसला तरी नाव आहे, म्हणून नियमाप्रमाणे तुझाही होकार लागतो. तू नको म्हणालास तर रेकॉर्डिंग पुसलं जाईल आणि मी एका शब्दाने तुला बोलणार नाही. तेव्हा मात्र हेच सगळं मी भजनी मंडळाच्या बैठकीत उभी राहून सांगेन, ते तुला थांबवता येणार नाही.

छपाईचा कागद सोबत जोडलाय. काही चुकीचं असेल तर त्याच्यावरच लिहून पोशाकडे दे.

सुनंदा


१० फेब्रुवारी २०२६

हरेश,

पोशाने आज सकाळी दुधाच्या रिकाम्या किटल्यांबरोबर कागद आणून दिला. मी गिरणी बंद केली, माणसं थांबवली आणि उन्हात जाऊन वाचला.

माझा एकही शब्द तू खोडला नाहीस. फक्त पखवाजाच्या ओळीपाशी बाण काढून समासात लिहिलंस: "मी अजून वाजवतो. दर गुरुवारी, शिळफाट्याच्या मंडळात. पखवाज उलटा धरतो, पंजाने वाजवायची कणकेची बाजू उजव्या हाताला, बोटांनी वाजवायची शाईची डाव्या. हात बसायला चार वर्षं लागली. हे पण छापा. बाकी छापायला माझी हरकत नाही."

चार वर्षं! आणि त्यानंतरची बारा वर्षं. इथून शिळफाटा तासाभराचा रस्ता, पोशा रोज जातो, सुनिताशी महिन्यातून दोनदा बोलते, आणि तू वाजवतोस की नाही हे मी कोणाला एकदाही विचारलं नाही. तुझा पखवाज माझ्यामुळे सुटला, असं मनाशी धरून बसले आणि त्याच्यावर रडतही राहिले. तू तिकडे शाईची बाजू डाव्या हाताला बसवत होतास.

मी सुनिताला फोन करून ओरडले, तू सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुमी विषय काढायच्या नाय आक्का, मी कशी काढू?" म्हणजे चांगो काय आणि ती काय, सगळ्यांचं एकच उत्तर.

हर्षलाला तुझी ओळ सांगितली. तिने ती जशीच्या तशी घातली आहे, कणकेसकट. आता उद्या छापायला जाईल. चांगोला ती ओळ मी वाचून दाखवली, मग गिरणीत आलेल्या प्रत्येकाला वाचून दाखवली. जनीमावशीला दोनदा. माझा भाऊ तीन बोटांनी उलटा पखवाज वाजवतो, असं सांगताना माझा आवाज चढत होता, आणि हलर बंद असल्याने सगळ्यांना नीट ऐकू जात होता.

परवा गुरुवार आहे. मी पोशाच्या टेंपोतून येते. मंडळात मागच्या सतरंजीवर बसेन आणि भजन संपेपर्यंत कोणाशी बोलणार नाही.

आक्का